शेवटचा एस

ग्रिम्सबीत, मंगळवारी संध्याकाळी,
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत
नॉरीनबाई फळ्यावर एक एस काढतात.
मोठा, वाकडा, गळासारखा.
गळ म्हणजे काय, ते या गावात कुणाला सांगावं लागत नाही.
समोरच्या सात जणांपैकी पाचांच्या बाहीला
आत्ताही हॅडकचा वास आहे.

"हा शेवटी लावला की एकाचे अनेक होतात,
एवढं तुम्ही शिकलात.
आज ते विसरा.
काही शब्दांना हा गळ लावून ओढलं
तर वर भलताच मासा येतो."

तेक्ले मान डोलावतो. त्याला अनुभव आहे.
मार्चमध्ये फॅक्टरीतल्या सुरीखाली
त्याची दोन बोटं गेली, अर्ध्या पेरापर्यंत.
डॅमेज हाताला झालं.
डॅमेजेस आले ते पौंडांत,
निम्मे वकिलाच्या घशात गेले.
"म्हणजे एस वकिलाचा," तो म्हणतो,
आणि उरलेल्या बोटांत पेन धरून लिहून घेतो.

हालिना खेरसोनची, तिकडे तिचं औषधांचं दुकान होतं.
तिला कस्टम विचारतात.
नाताळच्या आदल्या रात्री, ती म्हणते,
टेबलावरच्या कापडाखाली मूठभर गवत ठेवायचं.
आईच्या गावचं असलं तर उत्तम.
आणि कस्टम्स?
"त्यांनीच ते पिशवीतून काढून फेकलं."

शिलान कधी बोलत नाही.
आज तिचा हात वर.
"आर्म म्हणजे हात. दोन असले की आर्म्स.
मग बंदुकांनाही आर्म्स का?"
"संदर्भावरून कळतं, बाळा."
"बंदरावर एकाने मला विचारलं, आर्म्स?
मी दोन्ही पुढे केले.
रिकामेच होते.
तरी तो दचकला."

रेडिएटर खडखडतो.
आधी शिलानच हसते, मग सगळे,
हसावं की नाही ते न कळून.

पुस्तकात पुढचा शब्द ॲश.
नॉरीनबाई खडू उचलतात, ठेवतात, पुन्हा उचलतात.
"शेकोटी विझल्यावर उरते ती. सिगरेटच्या टोकाला असते ती."
एस लावत नाहीत.

मी किटली लावायला येते इथे, म्हणून मला माहीत आहे.
त्यांच्या स्वयंपाकघरात, चहापत्तीच्या शेजारी,
एका हिरव्या डब्यात क्लिफ आहे. दोन वर्षं झाली.
जन्म ट्रॉलरवर काढला त्याने, गर्दी सोसायची नाही,
स्वतःच्या लग्नातसुद्धा बराच वेळ
बाहेर सायकलींपाशी उभा होता म्हणे.
असा एकलकोंडा माणूस,
आणि इंग्रजीने शेवटी त्याचं अनेकवचन केलं.

आपल्यात माणूस जिवंतपणीच अनेक होतो:
आले, बसले, जेवले नाहीत, गेले.
असतात एकटेच, पण मान म्हणून.
बाईंना हे कोणत्या इंग्रजीत सांगू?
त्यांच्याकडे त्यासाठी मरावं लागतं.

"आणि एस लावला तर?" हालिना विचारते.
औषधवालीला अर्धवट लेबल चालत नाही.

बाई लिहितात. अक्षर जरा तिरकं येतं.
"ॲश कुणाचीच नसते," त्या म्हणतात.
"ॲशेस कुणाच्या तरी असतात."

सगळे वहीत उतरवतात. शिलान खाली रेघ मारते.
किटली केव्हाची उकळतेय, मी बंद करत नाही.

कोट घालताना त्या तेक्लेला थांबवतात.
"तुझ्या ओळखीत कुणाकडे लहान बोट आहे का रे?
नदीच्या मुखापर्यंत जाईल अशी."
तेक्ले आपल्या हाताकडे बघतो, मग फळ्याकडे.
"बोट की बोट्स?"

"एकच पुरे," नॉरीनबाई म्हणतात.